मागची सीट

रविवार, ९ फेब्रुवारी
दुपार

प्रिय बाईसाहेब,

पत्र बघून हसशील. रोज फोन होतो, वर हे कशाला, म्हणशील. पण तुझी ताई फोन स्पीकरवर टाकते आणि तुझी उत्तरं तीच देते. परवा मी विचारलं, "व्यायाम करतेस ना?" तर ताई म्हणाली, "कुठला करतेय, नुसती टाळाटाळ." पुढचं सगळं बोलणं तिच्याशीच झालं.

इकडे ठीक आहे. ओट्याजवळचा नळ गळत होता, तो दुरुस्त केला. तुझ्या कुंड्यांपैकी एक गेली. बाकीच्यांना पाणी घालतो. खालच्या मजल्यावरचे काका विचारतात, "सूनबाई कधी येणार?" मी सांगतो, "पुढच्या महिन्यात." ऑपरेशन होऊन तू ताईच्या तळमजल्यावर गेलीस त्याला आता तिसरा महिना लागला. काकांनी अजून मला पकडलेलं नाही.

आता मोटरसायकलचं. तू म्हणालीस, "घेऊन टाक ती मोठी गाडी. माझ्यासाठी अडून राहू नकोस." मी "बघू" म्हटलं. अजून ठरवलेलं नाही.

गरज आहे, हे खरं. मालकांनी डोंगरापलीकडच्या गावांचं काम घेतलंय. आठवड्यातले चार दिवस तिकडच्या दुकानांतले, गोदामांतले वजनकाटे तपासायला जातो. वजनांची पेटी तीस किलोंची. चढावर आपली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत जाते आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. मालक म्हणाले, "अरे, गाडी तुला नेते की तू गाडीला?" सगळे हसले. मीही हसलो.

शोरूममध्ये दोनदा जाऊन आलो. गाडी काळी आहे. साडेतीनशे सीसीचं इंजिन. एक चक्कर मारून बघा म्हणाले, म्हणून पूल ओलांडून मोठ्या रस्त्याला लागलो. हात जरासा पिळला तर पुढचा टँकर बघता बघता मागे पडला. मोकळं वाटलं. बऱ्याच महिन्यांनी वाटलं. हे तुला सांगायचं नव्हतं. लिहिलं गेलंय तर राहू दे.

एकच गोष्ट आहे. मागची सीट उंच आहे. मी टेपने मोजली. आपल्या गाडीपेक्षा अकरा सेंटीमीटर जास्त भरली. शोरूममधली मुलगी म्हणाली, "सगळे मायलेज विचारतात. टेप घेऊन आलेले तुम्ही पहिलेच." मग म्हणाली, "मागे नेहमी कोणी बसणार आहे का? नाहीतर ती सीट काढून सामानाचा कॅरियर लावून मिळतो. तुमच्या पेटीला बरा पडेल."

मी म्हटलं, "घरी विचारून सांगतो."

पण विचारण्याआधी तुला एक सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय तुझं "घेऊन टाक" मला घेता येत नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं, पायात फरक कधीपासून पडलाय? तू म्हणालीस, दोनेक महिने. ते फिल्म दिव्यासमोर धरून बघत राहिले. मग म्हणाले, "मणक्यात नस बरीच आधीपासून दबलेली आहे. वर्षभर आधी आला असतात तर पाय पूर्ण सुधारला असता." तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी फिल्मकडे बघत होतो.

मला वर्षभर आधीपासून माहीत होतं.

आजार आहे, हे माहीत नव्हतं. पायात जोर राहिलेला नाही, हे माहीत होतं. तू डावा पाय फूटरेस्टवर ठेवून मागे चढायचीस तेव्हा गाडी जेमतेम हलायची. मग जरा जास्त हलायला लागली. मग मला जमिनीवर पाय रोवून ती सावरावी लागायची. तू पायावर उठतच नव्हतीस. माझा खांदा धरून स्वतःला वर ओढून घेत होतीस. मी दिवसभर काटे बघतो गं. दोन ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर दुकान थांबवतो. मला कळलं नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

मग मी गाडी जिन्याच्या पायरीला चिकटवून उभी करायला लागलो. तू विचारलंस, "आज इथे का?" मी म्हटलं, "तिकडे ऊन आहे." पायरीवरून नुसता पाय टाकला की तुला बसता यायचं. बाजारात फुटपाथला लावायचो. तुझ्या ऑफिसपुढे तिथल्या पायऱ्यांना. तुला चढणं सोपं झालं. इतकं सोपं झालं, की तुझं तुलाच काही कळलं नाही. दुकानदार काट्याच्या पारड्याखाली कागदाची घडी सरकवतात, तसलं काम. त्यांना मी सोडत नाही.

विचारलं का नाही? भ्यालो, असं लिहिणार होतो. तसं लिहिलं तर तू माफ करशील, म्हणून. पण मी भ्यालो नव्हतो.

तुझ्या बढतीवरून आपलं भांडण झालं, दुसऱ्या गावी जायला मी नाही म्हटलं, तेव्हापासून तू मागची दांडी धरून बसायचीस. दोघांच्या मध्ये पिशवी ठेवायचीस. रिकामी असली तरी. अशी दोन वर्षं गेली. आणि एक दिवस तुझा हात खांद्यावर आला. दुसऱ्या दिवशीही आला. घट्ट. मला वाटलं, राग गेला. विचारलं तर हात काढून घेशील, म्हणून विचारलं नाही. गाडी झुकतेय हे कळत होतं आणि हात आवडत होता. मी हाताचं खरं धरलं.

तू उघड लंगडायला लागलीस तेव्हा काय ते आपण डॉक्टरांकडे गेलो.

अजून एक. वर लिहिलंय की ठरवलेलं नाही. ते खोटं आहे. शुक्रवारी फॉर्मवर सही करून आलो. मागच्या सीटच्या रकान्यात "नको" लिहिलं. मुलीने विचारलं, "घरी विचारलंत?" मी हो म्हटलं.

सीट ठेवली असती तर तिच्याकडे बघून तू रोज पाय उचलायचा प्रयत्न केला असतास, आणि मी रोज शाबास म्हटलं असतं. पाच-सहा वर्षं सहज निघाली असती. पाय यापुढे फारसा सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ते मी तुला बोललो नाही. पण तुला कळलंय. नाहीतर "अडून राहू नकोस" तू म्हणाली नसतीस. तू त्या गाडीचा फोटोसुद्धा मागितला नाहीस.

पुढच्या रविवारी बसने येतो. पत्र त्याआधी पोचेल. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी चहा घेऊन परत फिरेन. ताईला सांगायचं की नाही, ते तुझ्यावर.

आणि इकडे परत यायचं की तिकडेच राहायचं, तेही तूच ठरव. मागच्या वेळी तू कुठे राहायचं ते मी ठरवलं होतं. या वेळी तू जे म्हणशील त्याला मी नाही म्हणणार नाही. ये, असा आग्रहही करणार नाही. तो करायचा अधिकार मी कुठे घालवला, ते वर लिहिलंच आहे.

तुझा,
ज्याला आधी कळलं होतं