जित्तं हाय तवर

बाई, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षे लोटली की, तुमच्या मुलांच्या वॉर्डाविषयी ज्याच्याशी बोलावे असे माणूस माझ्याजवळ एकच उरले होते : माझी पत्नी. या थंडीत तीही गेली. म्हणून आज तुम्हांलाच लिहायला बसलो आहे.

नगरच्या रुग्णालयात तुम्ही मुलांच्या डॉक्टर, आणि मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन तुमच्या हाताखाली आलेला नवा मदतनीस. दुष्काळाची वर्षे होती. थंडी पडली की वर्षा-दीड वर्षाची लेकरे उलट्या-जुलाबांनी सुकून येत. टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही. तपासणीत काचेखाली काहीच सापडत नसे. यामागे एक विषाणू होता, पण त्याचे नाव आपल्यापर्यंत पुष्कळ उशिरा पोहोचले. तोवर कोणी ‘ताप’ लिही, कोणी ‘दात येत आहेत’. मीही तसेच उतरवून घेतले, तेव्हा तुम्ही मला सर्वांदेखत खडसावले होते : “कारण सापडले नाही म्हणून मूल आजारी नव्हते का? जुलाबाचे प्रत्येक मूल मोजा. खरे ओझे किती ते दाखवल्याशिवाय मी वरून सलाइन कोणत्या तोंडाने मागू?”

कर्जतकडची ती आई मला अजून दिसते. खडी फोडण्याच्या कामावरून तशीच आली आहे. कडेवर मुलगी, मागे सासू. पाणी पाजले का, असे मी विचारतो. “पानी दिलं की जास्तच ढाळ व्हत्यात, म्हनून बंद क्येलं,” सासू सांगते, आणि माझ्या हातातील कागदाकडे पाहून म्हणते, “भाऊ, तुमी लेकरं मोजताय का मेंढरं?” खाटांवरच्या बाया हसतात, तुम्हीही हसता, आणि हसता हसताच मुलीच्या पायाची शीर शोधता. शीर सापडते. पण दुपार कलते तसे तिचे हातपाय गार पडू लागतात, आणि म्हातारी गाठोडे बांधायला घेते.

“बाई, जाऊ द्या आमास्नी. यष्टीची येळ झाली.”

“आजी, ही बाटली तरी संपू द्या. नाडी लागते आहे अजून.”

“लागतीया म्हनून तर म्हनते. गेल्यावर कंडाक्टर चढू देत न्हाई. माती तरी गावात व्हऊ द्या तिची. जित्तं हाय तवर जाऊ द्या.”

 मूल झोपले आहे असे वाटावे, अशा बेताने आईने त्याच्यावर पदर ओढला. तुम्ही स्वतः सुई काढलीत आणि कापसाचा बोळा गरजेपेक्षा बराच वेळ दाबून धरलात.

मी लिहिले : नातेवाइकांनी स्वेच्छेने घरी नेले. अशी मुले बरी झालेल्यांत धरता येत नसत, दगावलेल्यांतही नाही. “मग ही तुमच्या हिशेबात कुठे?” तुम्ही विचारलेत. घरी काय झाले ते आपल्याला कळत नाही, असे उत्तर मी दिले. ते बरोबर होते. जिल्ह्यात अकोल्यापासून कर्जतपर्यंत कोणाच्या दारी जाऊन विचारणार होतो? अशी मुले वगळून जो आकडा वर गेला, तो वॉर्डापेक्षा लहान होता, आणि सलाइन त्या आकड्यापुरतीच आली.

आता हे. डॉक्टर थांबा म्हणत असताना मी पत्नीला रुग्णालयातून देवळाली प्रवऱ्याला घरी आणले. ‘घरी’ एवढेच ती म्हणाली होती. सही केली त्या कागदावर तेच जुने वाक्य छापलेले होते. आम्हांला मोटार होती, कोणी कंडक्टर अडवणार नव्हता. तरी वाटेत मी तिच्या अंगावरची शाल वर ओढली, ती झोपली आहे असे वाटावे अशी.

हा कागद कोठेही जाणार नाही, म्हणून लिहितो. उंबरा ओलांडेपर्यंत तिचा श्वास चालू होता, असे मी सर्वांना सांगतो. बाई, मला ते ठाऊक नाही. राहुरीच्या पुढे घर येईपर्यंत मी शाल बाजूला करून पाहिलेच नाही.