अठरा महिन्यांचे गठ्ठे

प्रिय सुशांत,

फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच आकडे विचारले असतेस आणि मी आकडेच सांगत बसले असते. म्हणून कागद घेतला.

आधी बातमी. आपल्या प्रयोगातले, प्लास्टिकमध्ये हवाबंद केलेल्या मुरघासाचे शेवटचे बारा गठ्ठे मी उघडले. अठरा महिने पुरे व्हायला तीन आठवडे बाकी होते. उघडले आणि वाटून टाकले.

रागावू नकोस, पूर्ण वाच. भाद्रपदात गंगा अशी चढली की आमच्या भोसले घाटाच्या गल्लीच्या तोंडाशी नाव लागली. रामनगरकडचे सखल गोठे बुडाले, लोकांनी गाई-म्हशी सडकेवर आणून बांधल्या. मी विद्यापीठाच्या मदतीच्या गाडीबरोबर गेले होते. आम्ही नेलं होतं ते सगळं माणसांसाठी. फूलमती नावाच्या एका बाईची म्हैस आठवड्यापूर्वी व्यालेली, आणि ती ओला पुठ्ठा चघळत होती. फूलमती मला म्हणाली, "बहिनजी, आदमी त चिउड़ा खाके रह लेई, गोरू का खाई?" माणसं पोह्यांवर निभावतील, पण गुरांनी काय खायचं? परतताना पुलावर मला आपले गठ्ठेच दिसत होते.

आपल्या विभागाचे साहेब म्हणाले, "प्रयोग तुमचा आहे, तुम्ही ठरवा." तुझा फोन लागला नाही. खरं सांगायचं तर मी दोनदाच लावला.

भीती वेगळीच होती. तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा मुरघास आपण मिळून उघडला होता. वर्षाचा मी एकटीने उघडला. रंग जरा काळपट, प्रथिनं किंचित उतरलेली, पण गाईंनी गव्हाण चाटून साफ केली. वर्षापुढे मात्र उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, आत हवा शिरते, बुरशी धरते, हे तूच मला शिकवलंस. व्यालेल्या म्हशीला बुरशीचा चारा घालून बसले असते तर?

हे बारा गठ्ठे तेच, मशीन अडकल्यावर आपण हाताने गुंडाळलेले. तुझे हात प्लास्टिकला चिकटले होते आणि मी "थांब, मी पकडून घेते" म्हटल्यावर तू माझ्या बनारसी मराठीला हसत सुटला होतास. प्रत्येकावर तू लिहिलेली तारीख उन्हाने पुसट झाली होती. मी एकेक कापून आत कोपरापर्यंत हात घातला. तीन गठ्ठ्यांचं प्लास्टिक माकडांनी फाडलं होतं. आत पांढरी बुरशी आणि हाताला गरम लागत होतं. ते फेकले. उरलेले नऊ थंड होते, तंबाखूच्या रंगाचे, वास आंबूस आणि स्वच्छ. आम्लता तपासली, नमुने फ्रीजरमध्ये ठेवले आणि गठ्ठे गाडीत चढवले.

फूलमतीच्या म्हशीला पहिल्यांदा पसाभरच दिला, भुशात मिसळून. तिने हुंगलं, मान फिरवली. मग तिने पुन्हा तोंड घातलं ते वर काढलंच नाही. मी संध्याकाळपर्यंत सडकेच्या कडेला बसून राहिले. ती रवंथ करायला लागली तेव्हा फूलमतीने माझ्या हातात चहा दिला. पाणी उतरेपर्यंत त्या नऊ गठ्ठ्यांवर जेमतेम चौदा जनावरं तगली. एकही आजारी पडलं नाही.

तेव्हा आपल्या संशोधनाच्या लेखात शेवटचा रकाना अर्धाच राहील. नमुन्यांचे आकडे येतील, पण तीन आठवडे गाईंना घालून दूध मोजायचं ते आता होणार नाही. तो भाग तुझा होता. त्यासाठीच तू येणार होतास.

आणि हेच मला लिहायचं होतं. गेल्या वर्षी इथून निघताना कँट स्टेशनवर तू विचारलंस, बरोबर येतेस का. मी बाबांच्या आजारपणाचं कारण पुढे केलं आणि घाईघाईने म्हटलं, शेवटच्या गठ्ठ्यांना तू येशीलच की. कारण खरं होतं, पण पुरं नव्हतं. मी घाबरले होते. तू गेल्यापासूनचं वर्ष मी त्या तीन आठवड्यांच्या भरवशावर काढलं. प्लास्टिकला पहिली सुरी लावताना मला ठाऊक होतं की आता तुला इथे बोलवायला माझ्याकडे कामाचं कुठलंही निमित्त उरणार नाही. तरी लावली. आता विनाकारण बोलावते आहे, सुशांत. तू ये.

वाट बघणारी, आणि तुझीच,
मालविका