आयदायचा अहवाल

प्रिय झिबेक,

तुझ्या वडिलांचा चाळिसावा पार पडला. गावाने घोडी कापली, बायकांनी दोन चुलींवर कणकेचे बोरसोक तळले. तू मॉस्कोहून येऊ शकली नाहीस, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हे सगळं सुरू कसं झालं, असं तू विचारलं होतंस. फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आपण दोघी ज्या वर्गात एका बाकावर बसायचो, तिथेच मी आता सातवीला शिकवते. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही असा एक प्रश्न शोधून आणा, असं मी मुलांना सांगितलं होतं. तुझ्या लेकीने, आयदायने मला विचारलं, "एजे, आमच्या घरामागच्या उतारावरचे अक्रोड सगळे एकाच बाजूला का कललेत?" वर्ग हसला. मी म्हटलं, म्हाताऱ्यांना विचार. पण प्रत्येकाच्या नावापुढे लिही, त्याने स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं. कुणी म्हणालं वारा, कुणी म्हणालं अल्लाची मर्जी. तुझे वडील म्हणाले, "मीही कललोय की, माझं कारण कोण शोधणार?"

मग उझ्गेन शहरातल्या वाचनालयात आम्ही जुनी वर्तमानपत्रं चाळली. पलीकडच्या खोऱ्यात एक वस्ती दरडीखाली गेली होती. त्याआधी तिथली झाडं अशीच कलली होती, झऱ्याला गढूळ पाणी येत होतं. वाचता वाचता आयदाय थांबली. "एजे, आमचाही झरा गढूळ झालाय."

एका बातमीवर विसंबायचं नाही, हे मीच शिकवलेलं. उतारावर एक भेग पडली होती, म्हणून मुलांनी तिच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकल्या आणि दर आठवड्याला दोरीने अंतर मोजलं. भेग रुंदावत होती. आयदायने अहवाल लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. तालुक्याला पाठवला, उत्तर आलं नाही. शेवटी शाळेत गाव जमवून तिने तो वाचून दाखवला. मागून कुणीतरी म्हणालं, "आता सातवीतली पोरं डोंगराची नाडी बघणार!" ती अडखळली नाही. उताराखालच्या आळीतल्या बायकांनी त्याच संध्याकाळी गाद्या-रजया उचलून ओढ्यापलीकडे शाळेत आणल्या. मागोमाग कुरकुरत पुरुषही आले.

तुझ्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पोरीनं बरोबर लिहिलंय. त्या उतारावर मी जन्मभर मेंढ्या चारल्यात. मला पटलंय." आयदायची रजई त्यांनीच शाळेत आणून टाकली. पण गायीचे दिवस भरले होते, तिला चालवत नव्हतं. "व्याली की दोघांना घेऊन येतो," म्हणाले. आयदाय रोज त्यांची भाकरी घेऊन जायची, बाही धरून ओढायची. ते हसून तिला परत पिटाळायचे. मग पाऊस झाला, आणि पहाटे डोंगर खाली आला. आळीतलं एकही घर उरलं नाही. माणूस मात्र एकच गेला.

झिबेक, त्या दिवशी फोनवर रडता रडता तू आयदायला म्हणालीस, "तुला ठाऊक होतं ना? मग त्यांना एकटं का सोडलंस?" तुला कदाचित आठवतही नसेल. मी शेजारी उभी होते. तेव्हापासून ती पेनाला हात लावत नाही. निबंधाच्या तासाला कोरा कागद देते. काल वर्ग रिकामा झाल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाली, "एजे, मी नीट लिहिलं नव्हतं. नीट लिहिलं असतं, तर आजोबा आले असते." तो अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचलाय. त्यात कुठे काही उणं नाही. तुझ्या वडिलांना तो पुरता समजला होता, आणि समजूनच ते गायीपाशी थांबले. हे मी तिला किती परींनी सांगितलं. ती मान डोलावते, पण तिला ते पोचत नाही. कारण ते तिच्या आईने सांगितलेलं नाही. तिला फोन कर. आणि तेवढं एक वाक्य परत घे.

तुझीच,
बुरुल