भाऊबिजेचा जिप्सम

ती. दादास आशालताचा वाकून नमस्कार.

(हा नमस्कार थोरल्या भावाला. यापुढचं सगळं तुला.)

तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची साखर? कानातलं यंत्र कानात घालतोस की अजून खिशातच ठेवतोस? मी बरी आहे. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर फिलोमिना शिकवायच्या, की पत्रात आधी प्रकृती विचारावी आणि मग भांडावं. उलट केलं तर भांडण खरं असूनही उद्धट दिसतं. प्रकृती विचारून झाली.

गेल्या भाऊबिजेला काय ठरलं होतं, आठवतं ना? बाबांचं खाडीकाठचं शेत तुला कंटेनर ठेवणाऱ्यांना विकायचं होतं आणि मला नव्हतं. त्या खारात गवतसुद्धा उगवत नाही, असं तू म्हणालास. मी म्हटलं, एक वर्ष दे. पुढच्या दिवाळीपर्यंत तिथे भात पिकला तर विक्री रद्द, नाही पिकला तर मी मुकाट्याने सही करीन. तू हसून कबूल झालास, आणि वर (इथूनच माझा संताप सुरू होतो) मला मदत केलीस.

लोक बहिणीला साडी देतात. तू कोल्हापूरहून ट्रकभर जिप्सम पाठवलास! का, तर तुझ्या ऊसवाल्या मित्राची सोड्याने घट्ट झालेली चोपण जमीन जिप्समने सुधारली. बरं, पत्ता तरी शेताचा द्यावास. दिलास आमच्या सोसायटीचा. ट्रकवाल्याने गेटसमोर पांढरा डोंगर ओतला आणि तो कळंबोलीला पुढचा माल भरायला निघून गेला. आमचे सेक्रेटरी कमलाकर वैद्य खाली येऊन विचारतात, "आशाताई, गणपतीचा कारखाना काढताय का?" संध्याकाळी वारा सुटला आणि पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या लग्नाला निघाल्यासारख्या पावडर लावून उभ्या राहिल्या. या वयात मी वैद्यांची स्कूटर फडक्याने पुसली, दादा. ते बाल्कनीतून सूचना देत होते.

आणि खारजमिनीचा अभ्यास करणारी माणसं कुठे बसतात? इथेच, आपल्या पनवेलात! तू विचारलंस कोल्हापुरात. मी मातीचा नमुना घेऊन त्यांच्याकडे गेले. तिथले साहेब म्हणाले, "बाई, तुमची जमीन चोपण नाही, नुसती खारट आहे. तिच्यातलं मीठ पाऊसच धुऊन नेईल. तुम्ही फक्त खाडी आत येऊ देऊ नका." मग जिप्समचं काय करू, असं विचारल्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. सभ्य गृहस्थ.

तरी भावाची भेट म्हणून थोडा शेतात पसरला आणि उरलेला पोत्यांत भरून बांधाशी ठेवला. शेजारचं खाजण, म्हणजे खाडीलगतचं खारं शेत, कसणारी हौसा (हिची आई आपल्याला चिंबोऱ्या उकडून द्यायची, तीच) कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "ताय, पावडर लावून खाजण गोरं होतंय का कंदी?"

पण पाऊस आमच्या बाजूने होता. बाबा मातीचा खडा जिभेवर ठेवून शेताची तब्येत सांगायचे, तसं मीही केलं. (सोसायटीत सांगू नकोस.) पहिल्या सरींनंतर ती लोणच्यासारखी लागली, आषाढात आमटीसारखी, आणि श्रावण लागता लागता आजाऱ्याच्या पेजेसारखी अळणी. अळणी चवीवर मी एवढी कधी खूश झाले नव्हते. लाल राता भात लावला. तो असा हिरवागार उठला, की मला बाबांची टोपी बांधावर दिसल्यासारखं झालं. मी तिथे उभी राहून थोडी रडले. तू असतास तर तूही रडला असतास आणि डोळ्यात चिलट गेलं म्हणाला असतास.

आणि सर्वपित्री अमावास्येच्या उधाणाला खाडी शेतात शिरली. भाताच्या पोटऱ्यांपर्यंत खारं पाणी! कुणाचं काम ते मला लगेच कळलं. हौसाच्या नवऱ्याला, दादूला, जिताड्याचं वेड. बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, भरतीच्या वेळी उघडली की मासे आयते आत येतात, ही युक्ती इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी तडक तिच्या अंगणात गेले आणि सगळ्या आळीसमोर असं बोलले, की सिस्टर फिलोमिनांनी मला शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं असतं. हौसाने ऐकून घेतलं. म्हणाली, "झाला बोलून? पानी पी, गोडं हाय. मंग बांदावर चल."

बांधावर काय दिसलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी (अजून तरी),
आशा

ता. क. खालच्या अंगाचा भात करपला. वरच्या अंगाचा वाचला. बियाणं बाजूला ठेवून उरलेले तांदूळ या पत्राबरोबरच्या डब्यात आहेत. तुम्हा दोघांचं एक जेवण होईल. "पिकला तर" एवढंच ठरलं होतं, किती ते ठरलं नव्हतं. सही मिळणार नाही.

ता. क. २. बरं, लिहितेच. उघाडी घट्ट बंद होती. बांध फुटला होता पलीकडे. ज्याचा त्याचा बांधाचा वाटा असतो आणि फाल्गुनात जो तो आपल्या वाट्यावर नवा चिखल चढवतो, हे तू विसरलास, मीही विसरले. फुटला तो बाबांचा वाटा. बाबांमागे हौसाच्या घरचे न सांगता आपल्याही वाट्यावर चिखल टाकत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी थांबवलं, कारण नेमक्या तिथेच तू पत्र्याची पाटी ठोकलीस: खासगी मालमत्ता, आत पाय ठेवू नये. "पाटी हाय ना," हौसा म्हणाली. "आमी वाचतो." मी भर आळीत तिची माफी मागितली. त्याच दिवशी दादूने माणसं जमवून भगदाड बुजवलं. आधी तुझी पाटी आडवी घातली, मग तुझ्या जिप्समची पोती, वर चिखल. तुझी मदत उपयोगी पडली, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

ता. क. ३. यंदा भाऊबिजेला काही आणू नकोस. फाल्गुनात ये, चिखलात उतरता येईल अशी अर्धी चड्डी घेऊन. हौसाचा निरोप आहे: "दादाला सांग, पाटी काढलीय. पाय ठेवायला हरकत नाय."