चार घ्यायचे, आठ सोडायचे

अकोला,
मंगळवार, ता. ४ फेब्रुवारी १९६४

ती. सौ. गोदावरीकाकूंना,

अनुपमाचा नमस्कार. रविवारी संध्याकाळच्या गाडीने मी सुखरूप घरी पोचले. तुम्ही दिलेली संत्री आईला फार आवडली. त्या दिवशी सकाळच्या प्रकाराने तुम्ही काळजीत असाल, म्हणून आधी जे झाले तेवढे क्रमाने लिहिते.

१. सकाळी सात वाजता तुमच्या माडीवर प्राणायामाच्या वर्गाला आम्ही सहा जणी बसलो. माझी पहिलीच वेळ.

२. तुम्ही सांगितलेत, डाव्या नाकपुडीने चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, उजवीने आठ आकडे मोजत सोडायचा. नवीन बाईने मध्ये रोखायचा नाही. हे दोनदा सांगितलेत.

३. मी रोखला. दोन्ही नाकपुड्या माझ्याच बोटांत होत्या.

४. मनातली मोजणी पंचेचाळीसपर्यंत आठवते. पुढची नाही.

५. शेजारच्या मैनाबाईंनी माझा दंड धरून हलवले. मी भिंतीवर कलंडले आणि मला खोकल्याची उबळ आली.

६. तुम्ही पाठ चोळलीत आणि विचारलेत, लहानपणी छातीचे काही दुखणे होते का. मी उत्तर दिले.

एवढे झाले. का झाले, ते मला नीट सांगता येत नाही, आणि माझ्यासारखीला ही गोष्ट त्रासाची आहे.

एक कारण माझ्या कामातले असावे. दवाखान्यात मी दिवसाला तीस-पस्तीस माणसांच्या छातीचे एक्स-रे फोटो काढते. प्रत्येकाला तेच सांगते: श्वास घ्या, रोखा, हलू नका. मग बटण दाबते आणि म्हणते, सोडा. गेल्या आठवड्यात नत्थुजी नावाचे एक म्हातारे फेटा नीट बांधून आले आणि फेटा फोटोत दिसेल ना, म्हणून विचारू लागले. दिसणार नाही म्हटल्यावर त्यांनी श्वासही घेतला नाही, इतके ते रुसले. तर असे वाटते, की तुमच्या माडीवर मी ‘सोडा’ म्हणणाऱ्याची वाट पाहत बसले. आणि ते म्हणणे तर माझेच काम.

पण हे कारण पुरत नाही. निघताना आई म्हणाली होती, साखरपुड्याच्या आधी दोन दिवस राहायला बोलावतात आणि श्वासाच्या वर्गाला बसवतात, म्हणजे छाती तपासणार, जपून राहा. मला ते पटले नव्हते. तरी बसल्यावर बहुतेक मला दाखवायचे होते, की माझा दम लांब आहे. ही दोन कारणे एकमेकांशी जुळत नाहीत. वाट पाहणारा माणूस दाखवायला बसत नाही. यातले खरे कोणते, ते मी दोन दिवस शोधते आहे.

मैनाबाई मात्र सरळ बोलल्या. शेंदूरजनाघाटच्या त्या बाई, स्वतः दम्याने बेजार, आणि मलाच रागावत होत्या. “काहून वो पोरी, सोडून नाही राहिली तू? इथं काही बक्षीस नाही भेटत.” सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग तुम्ही पुन्हा करायला लावलेत. चार घेतले, आठ सोडले. तिसऱ्या खेपेला डोळ्यांतून पाणी आले. दुखत नव्हते, वाईट वाटत नव्हते. हे कशात बसवावे ते मला समजलेले नाही. काल आणि आज सकाळी घरी करून पाहिले. घेताना चार नीट होतात. सोडताना सहापर्यंत जाते आणि घाई होते.

आणखी एक विचारायचे आहे. पाठ चोळताना तुमचा हात उजव्या खांद्याखाली बराच वेळ थांबला. हाताला आतले काही लागत नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवे. तरी गाडीत बडनेरा सोडल्यापासून मी हाच विचार करत होते, की काकूंना कळले. कळले होते का?

कारण मी दिलेले उत्तर खोटे होते.

मी सतरा वर्षांची असताना मला क्षय झाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात. दीड वर्ष औषधे घेतली, सुया घेतल्या. गल्लीत सांगितले, अनुपमा नागपूरला मावशीकडे शिकायला आहे. मी तिथेच होते, पण पहिले वर्ष माजघराच्या खाटेवर. महिन्या-दोन महिन्यांनी माझा फोटो काढणाऱ्या बाईंकडे पाहून मी हे काम शिकायचे ठरवले. गेली पाच वर्षे थुंकीत काही नाही, प्लेटवर एक जुना वण आहे, वाढलेला नाही. डॉक्टर म्हणतात, लग्नाला, संसाराला हरकत नाही. त्यांचा अहवाल सोबत आहे. प्लेट हवी असेल तर घेऊन येते. वाचून दाखवेन किंवा तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा.

आईला हे पत्र माहीत नाही. ती म्हणते, बुजवलेल्या विहिरीवर कोणी पाटी लावत नाही. मला तिचे म्हणणे चूक वाटत नाही. बरोबरही वाटत नाही.

तुमचे चिरंजीव श्री. गोपाळकृष्ण यांनाही हे वाचायला द्यावे. मी त्यांना दोनदाच भेटले आहे. दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारले होते, त्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर काम करून बाहेर आल्यावर डोळ्यांना त्रास होतो का. मी ‘होत नाही’ एवढेच म्हटले. होतो. मला हे लग्न व्हावे असे वाटते. हे लिहायला मला वरच्या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला आहे.

तुमचे उत्तर नकाराचे असेल तर कारण लिहायची गरज नाही. मला ते समजेल. होकाराचे असेल तर दया म्हणून नसावे.

बुधवारी, बारा तारखेला, पातूरहून मामा येतील आणि साखरपुड्याची आमंत्रणे द्यायला निघतील. त्यांना निघू द्यायचे की थांबवायचे, ते त्याआधी कळले पाहिजे. तरी मंगळवार, ता. ११ पर्यंत उत्तर माझ्या हातात पडेल असे पाठवावे. पत्ता घरचा नको, दवाखान्याचा घालावा.

अनुपमा