लाल रेघ आणि कोरा समास

१२ जानेवारी

चि. ठमीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. हात भांड्यांत होते, तसेच पुसले आणि उभ्याउभ्याच वाचलं. अगं, काय गं ही इंग्रजी! एका नावाची तीन-तीन माणसं. फ्लॉवर म्हणजे फूल आणि फ्लॉवर म्हणजे पीठ, असं तू लिहितेस. मला तर जन्मभर वाटत होतं, फ्लॉवर म्हणजे भाजी. हाक मारली तर ओ द्यायची कुणी? मी एकटीच हसत बसले. शेजारची शिंपीणबाई डोकावली, म्हणाली, आजी, या वयात हे खूळ कशाला? मी म्हटलं, माझी नात मास्तरीण होणार, तिला सरावाला कुणी नको का? मी घरचीच, छडी बसली तरी तक्रार करायला कुठे जाणार!

आणि ते लेड नि लीड! अक्षरं तीच, पण एकदा वाचायचं शिसं आणि एकदा वाचायचं पुढे नेणं. तुझ्या आजोबांनी छापखान्यात चाळीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, प्रुफं तपासली. हा शब्द बघून त्यांना किती बरं वाटलं असेल बघ. वीकही दोन, एक आठवडा आणि एक अशक्त. वाक्य कर म्हणालीस, केलं: हा वीक आजोबा वीक आहेत. जरा सर्दी झालीय, बाकी काही नाही. तू आपली परीक्षेच्या पाठाकडे बघ.

हे पत्र त्यांनी नेहमीसारखं लाल पेन्सिलीने तपासलंय आणि खाली 'बरोबर' लिहिलंय. त्याशिवाय या घरातून कागद बाहेर जात नाही, तुला ठाऊकच आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी आणि तुझी सगळ्यात म्हातारी विद्यार्थिनी


१९ जानेवारी

ती. आजीस ठमीचा सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं, सगळ्या पोट धरून हसल्या. मग पाठाच्या वहीत उतरवायला बसले आणि हसू थांबलं.

आजी, आजोबांची खूण मी मुळाक्षरांच्या आधी शिकले. चूक असेल तिथे ओळीत बारीक रेघ, आणि त्याच ओळीशेजारी समासात दुरुस्ती. नुसती चूक दाखवणं ही चुगली, असं ते म्हणायचे. दुरुस्ती दिली तर ती तपासणी. या पत्रात लाल रेघा अकरा आहेत आणि समास कोरा आहे. रेघा चांगल्या शब्दांवर आहेत. तुझी वेलांटी नेहमीसारखी घसरलीय, तिथे मात्र काहीच नाही. आधीची दोन पत्रं काढून बघितली, तीही तशीच. आणि खालचं 'बरोबर' तुझ्या हातचं आहे. ढेरी सुटलेला 'ब' आपल्या घरात फक्त तूच काढतेस.

ते तपासत नाहीत, की त्यांना तपासता येत नाही? मी रागावलेले नाही. परीक्षेचा पाठ आठ फेब्रुवारीला आहे. मी येऊ की नको, तेवढं सांग. मायेने सांगू नकोस. आजोबांनी सांगितलं असतं तसं सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावलेली,
ठमी


२५ जानेवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पकडलंस गं बाई. मास्तरीण शोभशील.

नोव्हेंबरच्या शेवटी चहा घेता घेता यांच्या हातातून कप सुटला. मी ओरडले, नवा कप फोडलात म्हणून. उजवी बाजू गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्यातली रक्तवाहिनी बंद झाली. पहिले दोन दिवस थोडे शब्द उरले होते. त्यातले तीन तुझ्यावर खर्च केले: ठमीला नको, परीक्षा. मी मान डोलावली.

जन्मभर शिशाची उलटी अक्षरं वाचणारा माणूस, त्याला आता सुलटी वाचता येत नाहीत. मी रोज तुझे शब्द त्यांना वाचून दाखवते. लेड. लीड. वीक. ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. तुझ्या यादीत दोन-दोन शब्द सारखे, त्यांना सगळेच सारखे झालेत. माझं नावही त्यातच.

लाल खुणा नसलेलं पत्र आलं असतं तर तू त्याच दिवशी गाडी धरली असतीस. म्हणून मीच पेन्सिल घेतली. कुठे मारायच्या कळेना, जिथे ओळ भरगच्च दिसली तिथे मारल्या. समासाचं ध्यानातच आलं नाही. पन्नास वर्षं शेजारी बसून बघितलं, पण बघणं वेगळं आणि येणं वेगळं.

मी नको म्हणायचं कबूल केलं होतं. पण तू विचारलंस त्यांच्यासारखं. ते चूक तशी सोडत नाहीत. तेव्हा ये. लवकर ये. डॉक्टरीणबाई आता महिन्यांचं बोलत नाहीत.

मला बोल, पण मन मोडू नकोस.

आजी


३० जानेवारी

ती. आजीस सा. नमस्कार.

पत्र सकाळी मिळालं. कॉलेजातल्या बाईंना सांगून परीक्षेचा पाठ सोडला, पुढच्या वर्षी देईन. शुक्रवारच्या गाडीत जागा मिळाली आहे. मी येतेय असं आजोबांना सांग. कळलं नाही तरी सांग.

ठमी


२ फेब्रुवारी

चि. ठमीस,

हे पत्र टपालात टाकणार नाही. यांच्या खिळ्यांच्या पेटीवर ठेवते आहे. तू दारात आलीस की माझ्याने बोलवणार नाही.

काल दुपारी तुझं पत्र आलं. मी त्यांच्या कानाशी दोनदा वाचलं. डावा हात चादरीवर काहीतरी चाचपू लागला. पाणी दिलं, नको. रुमाल दिला, नको. मग पेन्सिल दिली आणि तुझं पत्र पुढ्यात धरलं. त्यांनी रेघ मारली. ती 'पाठ सोडला' यावर पडली. मग हात हळूहळू समासाकडे गेला. तिथे पेन्सिल टेकली, एक ठिपका उमटला आणि हात थांबला. मी कितीतरी वेळ कागद तसाच धरून बसले होते. दुपार कलताना ते गेले. आज सकाळी त्यांना नेलं. तुझ्यासाठी थांबवता आलं नाही गं. दोन महिने मी लपवलं, तेवढे तुझे गेले. ती चूक माझी, तिला दुरुस्ती नाही.

त्यांना वाचता येत नव्हतं, हे मीच तुला लिहिलंय. तेव्हा त्या रेघेचा उगाच अर्थ लावत नाही. पण ठिपका समासातच आहे, आणि आठ तारखेला अजून सहा दिवस आहेत.

तुझं पत्र याच्याखालीच ठेवलंय. त्यावरची रेघ त्यांची आहे, माझी नाही. ठिपक्यापुढे मी काही लिहिलेलं नाही.

तिथे काय लिहायचं ते तू लिही.

आजी