व्यवसाय: काही नाही

दि. ३ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकूनच घातला आहे, पण रागाने घातला आहे हे आधीच सांगते.

जिन्यावरून पडलीस आणि मला कळवलं नाहीस. मनगट सुजून टम्म झालं, आणि रविवारच्या फोनवर मला सांगितलंस की सगळं ठीक आहे, फक्त ऊन वाढलंय. मला भाऊजींकडून कळलं, तेही त्यांच्या तोंडून निसटलं म्हणून. रफू करायला बसलीस की चष्मा काढून ठेवायचा आणि उठलीस की तो तिथेच विसरायचा, ही तुझी जुनी खोड. या वेळी दोन पायऱ्या चुकल्या, पुढच्या वेळी रस्ता असेल. ठरल्या वेळी तुझा फोन आला नाही की मी दर पाच मिनिटांनी फोन उचलून बघते, याची तुला काही कल्पना आहे का?

म्हणून आता तुला विचारायचं मी सोडून दिलं आहे. सोबत एक तक्ता जोडलाय. हसायचं तर हस. आमच्या खरेदी विभागात तीन ठिकाणची माहिती शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मी खोडरबरसुद्धा मागवत नाही, मग सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांना लेसर काय डोळे झाकून करायला लावू? पहिल्या प्रकारात डोळ्याच्या काचेवरचा पातळ पापुद्रा कापून उचलतात, खाली लेसर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं. दुसऱ्यात पापुद्रा कापत नाहीत, वरची साय तेवढी काढतात, पण चार-पाच दिवस डोळे चुरचुरतात आणि नीट दिसायला वेळ लागतो. तिसऱ्यात बारीकशा चिरेतून आतली चकती काढून घेतात. तो सगळ्यांत नवा. मला तिसरा पसंत आहे. चष्मा तिन्हींत जातो.

हे तिन्ही प्रकार करणाऱ्या दवाखान्याची एक शाखा तुमच्याकडे आहे. १० तारखेला डोळे मोजायचे, २६ला ऑपरेशन. फॉर्म मी इथूनच कॉम्प्युटरवर भरला आहे. तुला नुसतं जाऊन बसायचं आहे, आणि तेवढं तरी कर. जन्मभर दुसऱ्यांचं केलंस, स्वतःचं कधी काही केलं नाहीस.

भाऊजींना नमस्कार. त्यांना रागावू नकोस. लोभ नेहमीएवढा असू दे, हट्ट थोडा कमी.

तुझी,
बारकी

दि. ११ एप्रिल

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. ते नेहमीचेच आहेत. त्यांच्यापुढे जे येतंय ते नेहमीचं नाही, तेव्हा नीट बसून वाच.

फोनच करणार होते. पण फोनवर मी ओरडते, तू रडतेस, आणि तुझे भाऊजी टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला होता, चुगली केली म्हणून. तिसऱ्या दिवशी सुजल्या हाताने डबा उघडेना, तेव्हा बोलावं लागलं.

काल तुझ्या त्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण शहाणी. पुढे कसं दिसेल याचा अंदाज यावा म्हणून तिने डोळ्यांत नुसत्या चाचणीच्या लेन्स घातल्या. खोटं कशाला बोलू, मी हरखले. हातभर लांबच्या आरशात चष्म्याशिवायचा माझा चेहरा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. नाकावर दोन खड्डे पडलेत, आणि केस मी समजत होते त्याहून बरेच पांढरे आहेत. पाच मिनिटं मी मनातल्या मनात तुला दुवा देत बसले होते.

मग पिशवीतून कामाचं कापड काढलं. एका गिऱ्हाइकाची लोकरी पँट आहे, गुडघ्याला कसर लागलेली. सवयीने नाकाशी धरली, तर समोर नुसतं राखाडी धुकं. लांब धरली, पुन्हा जवळ आणली, खिडकीपाशी गेले. उभा धागा कुठला आणि आडवा कुठला, कळेना. मला घाम फुटला गं. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, माझा नंबर उणे सात आहे म्हणूनच वीतभराच्या आत मला भिंग लावल्यासारखं दिसतं. लेसरने तो नंबर गेला की हेही गेलं, आणि या वयात ते परत येत नाही. वाचायचा चष्मा लावून पेपर वाचता येईल, केसाएवढा धागा उचलण्याची खात्री त्या देईनात. एक डोळा जवळचं बघायला तसाच ठेवू का, असंही त्यांनी सुचवलं. पण मला कापडावर दोन्ही डोळे लागतात. म्हणजे तुझ्या तक्त्यातल्या तिन्ही रकान्यांत माझं काम जातंय, आणि तुझ्या तक्त्यात त्याला रकानाच नाही.

मग त्यांनीच विचारलं, असं काम करता तर फॉर्मात का लिहिलं नाही. मी म्हटलं, दाखवा बघू फॉर्म. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. नाव, वय, नंबर, सगळं बरोबर. आणि व्यवसाय: काही नाही.

बारके, चोवीस वर्षं मी त्या ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसते आहे. पाठ वाकडी झाली, मान आखडली. आई गेल्यावर तुझं कॉलेज, तुझं वसतिगृह, तुझे बूट, सगळं याच ‘काही नाही’वर झालं. परक्या बाईसमोर मला इतकी लाज वाटली की काय सांगू. पडले तेव्हासुद्धा एवढं लागलं नव्हतं.

ऑपरेशनला येत नाही म्हणून सांगून आले आहे. नाव तुझ्या फोन नंबरावर घातलंय, तेव्हा ते तूच काढ.

लोभ आहे, तो काही रागावून कमी होत नाही, हीच तर पंचाईत आहे.

तुझी,
ताई

दि. १६ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं.

पण मीही चिडले आहे. त्या फॉर्मात ठरलेले शब्द होते, त्यांतला एक निवडायचा होता: नोकरी, व्यापार, विद्यार्थी, निवृत्त, काही नाही. रफू त्यात नव्हतं, त्याला मी काय करू? तू दुकानाची नोकर नाहीस, दुकान तुझं नाही. आणि तुझे डोळे असे चालतात हे मला कधी सांगितलंस? मला वाटायचं तुला दिसत नाही म्हणून तू कापडात नाक खुपसतेस! मनगटाचं लपवलंस, हेही लपवलंस, आणि आता मला माहीत नव्हतं म्हणून मलाच झोडपतेस. मी तुझे डोळे वाचवायला निघाले होते, ताई. मला काय हौस होती?

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचललं, कारण एक गोष्ट आतून टोचते आहे. ऑफिसात कोणी विचारलं की तुझी बहीण काय करते, तर मी सांगते की ती घरीच असते. या ऑफिसात लागल्यापासून नऊ वर्षं हेच सांगते आहे. का, ते मला नीट सांगता येणार नाही. फॉर्म भरताना बोट आपसूक तिथे गेलं.

नाव अजून काढलेलं नाही. तू रागाच्या भरात नाही म्हणते आहेस का, तेवढं नक्की कळव.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागते.

बारकी

दि. २१ एप्रिल

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद.

त्या यादीत सगळ्यात खाली ‘इतर’ असा शब्द होता. त्या लेन्स काढल्यावर बाईंकडून यादी उघडून घेतली आणि पडद्याला नाक लावून वाचलाय. तेव्हा ती सबब मला सांगू नकोस.

घरी असते म्हणून सांगतेस, हे वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र वाटलं की यात थोडा दोष माझ्या कामाचाही आहे. आता एक सांगते, जे तुला कधी सांगणार नव्हते.

तुझ्या पहिल्या मुलाखतीचा तो करडा कोट, जो तू अजून मोठ्या बैठकांना घालतेस. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तो इस्त्रीला म्हणून मी दुकानात नेला आणि दाराच्या कडीत अडकवून फाडला. चांगला अंगठा जाईल एवढं भोक. तू आधीच घाबरलेली होतीस, तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही. अस्तराच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे काढले आणि दुपारभर एकेक उभा, एकेक आडवा भरत बसले. संध्याकाळी तू तो घालून आरशासमोर गिरकी घेतलीस आणि मला म्हणालीस की इस्त्री छान झाली.

रफू दिसलं तर ते वाईट. माझं चांगलं झालेलं काम आजवर कोणी पाहिलेलंच नाही, तूही नाही. पण इतरांनी पाहिलं नाही तर चालतं गं मला. तू पाहायला हवं होतंस.

नाही म्हणते ती रागाने नाही. विचार करून म्हणते.

लोभ होता तिथेच आहे.

ताई

दि. २४ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

म्हणजे कोट तू फाडलास! बारा वर्षं मी तो घालून मिरवते आहे आणि तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस! मनगट, डोळे, कोट. आणखी काय काय लपवलं आहेस, त्याची एकदा यादी करून पाठव.

काल कोट ऑफिसात नेला. जेवणाच्या सुट्टीत उन्हाच्या खिडकीशी धरला, बाह्या उलट्या केल्या, कोपरं पाहिली, पाठ पाहिली. मग यातलं रफू शोधा म्हणून टेबलावरच्या तिघींना दिला. त्यांतल्या दोघींचे डोळे लेसर केलेले आहेत, एकीचा तर तक्त्यातला तिसरा प्रकार. कोणालाही काही सापडलं नाही. त्यांनी विचारलं की हे केलंय कोणी. मी सांगितलं, माझ्या बहिणीने, तिचं हेच काम आहे. इतकी वर्षं मी त्यांना काय सांगत होते ते आठवून माझे कान तापले, आणि त्यांनाही ते आठवलं असणार.

चष्म्याला लावायची दोरी पाठवते आहे. गळ्यात घालायची. हे विचारत नाही, बजावते आहे. आणि पुढच्या वेळी पडलीस तर पहिला फोन मला.

काल ऑफिसातूनच दवाखान्याला फोन लावून २६ तारीख रद्द केली. पलीकडच्या बाईंनी विचारलं की नोंद बंद करण्याआधी माहितीत काही बदल आहे का. मी म्हटलं, आहे, व्यवसायात आहे. त्यांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मी उभी राहिले आणि अख्ख्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं: रफूकाम, चोवीस वर्षं.

कोटाचा राग आहेच, तो इतक्यात जाणार नाही. तुझा माझ्यावरचा जाईपर्यंत लोभ राहू दे.

तुझी,
बारकी

ता. क. भोक नक्की कुठे होतं, एवढं तरी सांग.